अस्सल पत्र, तरीही तपासून: कॉटन मॅदरचा पत्रव्यवहार कसा वाचावा

१२ जुलै १७१६ या तारखेचं एक पत्र आहे. बॉस्टनच्या नॉर्थ चर्चचा धर्मोपदेशक कॉटन मॅदर यानं ते लंडनला डॉ. जॉन वुडवर्ड यांना लिहिलं. वुडवर्ड रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेचे सभासद होते. पत्राचा विषय देवीचा रोग. मॅदर लिहितो, की आपल्या घरच्या ओनेसिमस नावाच्या आफ्रिकी माणसाला त्यानं विचारलं, तुला कधी देवी आल्या होत्या का? त्यानं उत्तर दिलं, हो आणि नाहीही. मग खुलासा केला. त्याच्या मुलखात अंगावर एक क्रिया करतात, तिनं थोड्याशा देवी येतात आणि माणूस जन्मभर सुटतो. एवढं सांगून त्यानं दंडावरचा व्रण दाखवला.

अमेरिकेच्या वैद्यकाचा इतिहास लिहिणारा जवळपास प्रत्येक जण हा परिच्छेद वापरतो. तो नेमकं काय सिद्ध करतो, हे मात्र फार थोडे जण थांबून पाहतात. त्यात तीन थर आहेत. जुलै १७१६ मध्ये मॅदरनं हे लिहिलं, हा पहिला. ओनेसिमसनं त्याला हे सांगितलं, हा दुसरा. ओनेसिमसच्या मुलखात खरोखर असं करत होते, हा तिसरा. कागद हातात असल्यामुळे पहिल्या थराबद्दल शंका उरत नाही. दुसऱ्यासाठी मॅदरच्या शब्दावर विसंबावं लागतं, आणि तिसऱ्यासाठी मॅदरच्या कानावर आणि ओनेसिमसच्या आठवणीवर. पत्र साधन म्हणून वापरायचं म्हणजे आपलं विधान यांपैकी कोणत्या थरावर उभं आहे, हे दर वेळी ओळखायचं.

मराठी वाचकाला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. घटनेनंतर पन्नास-शंभर वर्षांनी लिहिलेल्या बखरीपेक्षा त्याच आठवड्यात लिहिलेलं पत्र वजनदार, हे आपल्याकडे राजवाड्यांच्या पिढीपासून मुरलेलं आहे. ते बरोबरच आहे. पण समकालीन म्हणजे खरं, अशी उडी त्यातूनच मारली जाते, आणि प्युरिटन धर्मोपदेशकांची पत्रं वाचताना ती फार महागात पडते.

आधी माणसं कोण ते पाहू. इंग्लंडच्या राजमान्य चर्चमध्ये जुने विधी फार उरलेत, ते धुऊन काढून चर्च बायबलबरहुकूम करावं, असा आग्रह धरणारे ते प्युरिटन. १६३०च्या दशकात त्यांच्यातले वीसएक हजार लोक समुद्र ओलांडून न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, वसले. तिथला धर्मोपदेशक नुसता रविवारचं प्रवचन देणारा नव्हता. गावातला सर्वांत शिकलेला माणूस बहुधा तोच असे. न्यायाधीश त्याचा सल्ला घेत, भांडणं त्याच्याकडे येत, आजारी माणसं त्याला बोलावत आणि परदेशाची बातमी त्याच्या पत्रातून गावात पसरे. म्हणून त्याच्या पत्रांत धर्म असतोच, पण त्याच्या शेजारी जहाजं, साथी, पिकं, सुना-जावई, कर्ज आणि राजकारणही असतं. कॉटन मॅदर (१६६३–१७२८) हा या परंपरेतल्या तिसऱ्या पिढीतला. आजोबा रिचर्ड मॅदर आणि जॉन कॉटन, वडील इन्क्रीझ मॅदर, सगळेच धर्मोपदेशक. स्वतः त्यानं साडेतीनशेहून अधिक लहानमोठी पुस्तकं छापली, रोजनिशी ठेवली आणि पत्रं तर सतत लिहिली.

आता कागद हातात घेऊ. तेव्हा पाकीट नसे. मोठा ताव मधोमध दुमडला की चार पानं होत. मजकूर पहिल्या तीन पानांवर यायचा आणि चौथं कोरं राहायचं. मग तावाची घडी अशी घालायची, की चौथ्या पानाचा मधला भाग बाहेर येईल. तिथे पत्ता लिहून लाखेनं किंवा पिठाच्या चकतीनं घडी बंद करायची. पत्र मिळालं की ते फोडताना लाखेखालचा कागद फाटायचा. त्यामुळे अशा पत्रांत तिसऱ्या पानाच्या कडेला हमखास एक भोक असतं आणि तिथले दोन-चार शब्द गेलेले असतात. जुने संपादक ही जागा बिनदिक्कत अंदाजानं भरत. छापील प्रतीत एखादं वाक्य फारच सरळ वाटलं आणि मूळ पान संकेतस्थळावर पाहायला मिळत असेल, तर ती कडा आधी पाहावी.

चौथं पान दुसऱ्या एका कारणासाठीही बघायचं. ज्याला पत्र मिळालं तो घडीच्या पाठीवर ते कुणाचं, कोणत्या तारखेचं आणि कधी पावलं, हे बारीक अक्षरात टिपून ठेवी. मजकुरापेक्षा ही ओळ कधीकधी जास्त उपयोगी पडते, कारण पत्र खरोखर पोचलं याचा पुरावा तीच असते. छापील खंडांत ही ओळ पुष्कळदा गाळलेली असते.

शाई माजूफळ, हिराकस आणि डिंक यांची. ताजी असताना ती काळी दिसते, वर्षांनी तपकिरी होते, आणि हिराकसाचं प्रमाण जास्त झालं असेल तर कागद खाते. तावाच्या दोन्ही बाजूंना लिहिलेलं असलं की मागची अक्षरं पुढे उमटतात. अशा वेळी स्वल्पविराम कोणता आणि मागच्या बाजूचा ठिपका कोणता, हे छायाचित्रावरून ठरवणं अवघड असतं.

अक्षरं वाचताना नवखा माणूस पहिल्यांदा अडखळतो तो ‘वाय’ला. ‘द’ या नेहमीच्या इंग्रजी शब्दाच्या जागी तिथे वाय आणि त्याच्या डोक्यावर बारीक ई दिसते. तो वाय नसतोच. जुन्या इंग्रजीत ‘थ’ या उच्चारासाठी थॉर्न नावाचं अक्षर होतं, ते लिहिता लिहिता वायसारखं दिसू लागलं. म्हणून त्याचा उच्चार ‘यी’ करायचा नाही, ‘द’च करायचा. ‘दॅट’, ‘विच’, ‘विथ’ हे शब्दही असेच आखडून, शेवटची अक्षरं वर चढवून लिहिलेले असतात. मोडीतले संक्षेप ज्यानं वाचलेत त्याला ही सवय लवकर लागेल.

ओळखीचे दिसणारे शब्द याहून फसवे असतात. एखाद्या धर्मोपदेशकाला पत्रात ‘पेनफुल’ म्हटलं असेल तर तो त्रासदायक होता असं नाही, तो कष्टाळू होता. ती स्तुती आहे. ‘प्रोफेसर’ म्हणजे प्राध्यापक नव्हे, आपली श्रद्धा उघडपणे सांगणारा माणूस. ‘कॉन्व्हर्सेशन’ म्हणजे गप्पा नव्हेत, वागणूक. ‘फ्रेंड्स’मध्ये नातेवाईक येतात आणि ‘कझिन’ पुष्कळदा पुतण्या किंवा भाचा निघतो. ‘सेंट’ म्हणजे मेल्यावर चर्चनं संतपद दिलेला माणूस नाही. चर्चचा स्वीकारलेला, जिताजागता सभासद. नावाआधी ‘मिस्टर’ लागलं असेल तर माणूस प्रतिष्ठित समजायचा. साध्या शेतकऱ्याला ‘गुडमन’ आणि त्याच्या बायकोला ‘गुडवाइफ’ म्हणत. एवढ्या एका संबोधनावरून पत्रातल्या माणसाची गावातली जागा कळते.

तारखांवर मात्र सावकाश बोलायला हवं, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. १७५२ सालापर्यंत इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत जुनं ज्युलियन पंचांग चाले. कायदेशीर वर्ष १ जानेवारीला नाही, २५ मार्चला सुरू होई. म्हणजे १ जानेवारी ते २४ मार्च हे दिवस त्यांच्या हिशेबानं मागच्या सालात जात. घोटाळा टाळायला जपून लिहिणारे दोन्ही सालं देत. कॉटन मॅदरचा जन्म १२ फेब्रुवारी १६६२/३ असा लिहिला जातो तो यामुळे. आपल्या हिशेबानं तो १६६३चा.

त्यात प्युरिटनांची स्वतःची एक भर होती. महिन्यांची आणि वारांची नावं रोमन व जुन्या देवदेवतांची, म्हणून त्यांतले पुष्कळ जण ती टाळत आणि नुसता आकडा घालत. वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, म्हणून मार्च पहिला. तिसरा महिना लिहिला असेल तर तो आपला मार्च नव्हे, मे. बारावा महिना फेब्रुवारी. एखाद्या सूचीत दोन महिन्यांनी चुकलेली पत्रं सापडली तर कारण बहुधा हेच असतं. मोडी पत्रावर शुहूर सन, शक आणि ‘छ’नं सुरू होणारा चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्यातली तारीख, एकत्र येतो तेव्हा आपण जंत्री उघडतो. शुहूर सन मृगाला बदलतो, शक चैत्र प्रतिपदेला. तसंच हे समजावं.

युरोपातल्या पत्राशी मेळ घालायचा असेल तर दिवसही मोजावे लागतात. जुनं पंचांग नव्याच्या मागे होतं. फेब्रुवारी १७०० अखेरपर्यंत १० दिवसांनी आणि नंतर ११ दिवसांनी. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट राज्यांनी १७०० सालीच नवी गणना घेतली होती. म्हणून मॅदर जर्मनीतल्या हाले गावी आउगुस्ट हेर्मान फ्रांके या धर्मोपदेशकांना लिहितो तेव्हा दोघांच्या ‘१ तारखा’ एक नसतात. नियम साधा आहे. मूळ तारीख जशीच्या तशी उतरवायची, साल दुहेरी लिहायचं आणि दिवसांचं रूपांतर फक्त दोन मुलखांतल्या घटना शेजारी मांडताना करायचं. आपल्या टिपणात एकदा रूपांतर केलं आणि तसं लिहिलं नाही, तर पुढचा माणूस ते पुन्हा करतो आणि ११ दिवसांची चूक तयार होते.

दुहेरी सालाचं महत्त्व एका पत्रावरून पाहू, त्याचा दुवा थेट मद्रासशी आहे. एलिह्यू येल हा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस १६८७ ते १६९२ मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा प्रमुख होता आणि तिथून गडगंज होऊन लंडनला परतला. कनेटिकटमधल्या एका नव्या, पैशांची चणचण असलेल्या विद्यालयासाठी मॅदरनं त्याला जानेवारी १७१७/१८ मध्ये पत्र लिहिलं. न्यू हेवनला जे उभं राहतंय त्याला तुमचं नाव दिलं तर ते मुलाबाळांपेक्षाही टिकाऊ स्मारक होईल, असं त्यात सुचवलं. येलनं मालाचे नऊ गठ्ठे, ४१७ पुस्तकं आणि राजाचं चित्र पाठवलं. माल विकून ५६२ पौंड आले. सप्टेंबर १७१८ मध्ये विद्यालयाला येलचं नाव दिलं गेलं. आता या पत्राचं साल नुसतं १७१७ लिहून पाहा. पत्र आणि नामकरण यांत पावणेदोन वर्षांचं अंतर पडतं आणि मॅदरच्या शब्दाचा परिणाम पुसट होतो. १७१८ धरलं तर अंतर आठ महिन्यांचं राहतं आणि समुद्रावरचा टपालाचा वेळ धरून हिशेब बरोबर बसतो. शिवाय या पत्रापाठोपाठचं दुसरंही वाचावं लागतं. मॅदरला असं नाव सुचवण्याचा अधिकार नव्हता. पुढे ऑगस्ट १७१८ मध्ये त्यानं कनेटिकटचे गव्हर्नर सॉल्टनस्टॉल यांच्याकडे कबूल केलं, की आपण त्या बाळाचा धर्मपिता असल्यासारखं वागलो.

टपालाचा वेळ हा तर स्वतंत्र विषय आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १६३९ साली रिचर्ड फेअरबँक्स याचं घर परदेशी पत्रांचं ठिकाण ठरवलं गेलं आणि दर पत्रामागे एक पेनी आकार ठरला. अटलांटिक ओलांडायला सहा ते दहा आठवडे लागत. हिवाळ्यात जहाजं कमी होत. जहाज बुडायचं, पकडलं जायचं, म्हणून महत्त्वाच्या पत्राच्या दोन नकला दोन वेगळ्या जहाजांनी पाठवत. आज एकाच पत्राच्या दोन प्रती थोड्या फरकानं सापडल्या तर त्यातली एक खोटी, असा निष्कर्ष घाईनं काढू नये.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्या देशातलं आहे. तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडी या डॅनिश ठाण्यात बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग १७०६ पासून मिशनरी होता. मॅदरनं १७१७च्या अखेरीस त्याला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं. पत्राला बॉस्टनहून लंडन आणि तिथून आफ्रिकेला वळसा घालून कोरोमांडल गाठायचं होतं. तोवर फेब्रुवारी १७१९ मध्ये त्सीगेनबाल्ग वारला. उत्तर त्याच्या सहकाऱ्यानं, योहान एर्न्स्ट ग्रुंडलरनं लिहिलं. मॅदरनं ते १७२१ साली बॉस्टनला छापलं, तेव्हा ग्रुंडलरही आदल्या वर्षी वारला होता. अशा पत्रव्यवहारात प्रश्न आणि उत्तर शेजारी छापलेले दिसतात आणि आपण ते संभाषण म्हणून वाचतो. प्रत्यक्षात लिहिणाऱ्याला त्या दिवशी काय ठाऊक होतं, हे प्रत्येक पत्रासाठी वेगळं मांडून ठेवावं लागतं.

आता पत्र कोणाच्या कागदांत सापडलं, हा प्रश्न. मिळवणाऱ्याच्या दप्तरात असेल तर ते गेलं आणि पोचलं. पाठवणाऱ्याच्या दप्तरात असेल तर तो मसुदा असतो किंवा स्वतःसाठी ठेवलेली नक्कल, आणि ते कधी पाठवलंच नसण्याची शक्यताही असते. मसुद्यातली खाडाखोड फार मोलाची, कारण लिहिणारा कुठे कचरला ते तिथे दिसतं. मॅदर कुटुंबाचे कागद आज मुख्यतः बॉस्टनची मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी, वुस्टरची अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी आणि बॉस्टनचं सार्वजनिक ग्रंथालय यांत विभागलेले आहेत. ग्रंथालयातला भाग थॉमस प्रिन्स या धर्मोपदेशकानं जमवलेल्या संग्रहातून आला. १७५८ साली वारताना त्यानं तो ओल्ड साउथ चर्चकडे सोपवला होता. १७७५–७६ मध्ये ब्रिटिश फौजेनं त्याच चर्चमध्ये घोडे फिरवायचं मैदान केलं आणि संग्रहातलं बरंच काही गेलं. तेव्हा एखाद्या विषयावर पत्र सापडत नाही याचा अर्थ ते लिहिलं नव्हतं असा होत नाही. मॅदरच्या रोजनिशीत अमक्याला लिहिलं अशा नोंदी आहेत. त्या सापडलेल्या पत्रांशी ताडून पाहिल्या की हरवलेल्यांची यादी हाती येते.

यानंतर कुणाला लिहिलं, हा भाग. इथे १६९२ सालच्या सेलमच्या चेटूक-खटल्यांइतकं चांगलं उदाहरण नाही. ३१ मे १६९२ रोजी मॅदरनं न्यायाधीश जॉन रिचर्ड्स यांना पत्र लिहिलं. रिचर्ड्स त्याच्याच चर्चचे. पीडित माणसांना आरोपीची आकृती छळताना दिसते, एवढ्या एका साक्षीवर भार टाकू नका, सैतान निरपराध माणसाचंही रूप घेऊ शकतो, असं तो बजावतो. १० जूनला पहिली फाशी झाली. १९ जुलैला पाच बायकांना फाशी दिलं. ५ ऑगस्टला तोच मॅदर प्लिमथच्या आपल्या मामाला, जॉन कॉटनला लिहितो, की देव चमत्कार करतोय, पाच चेटकिणींना फाशी झाली. २ सप्टेंबरला मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन यांना लिहिलेल्या पत्रात आपण न्यायालयासाठी किती झटतोय हे सांगून तो पाठिंबा देतो. २२ सप्टेंबरपर्यंत १९ जणांना फाशी झाली होती आणि जाइल्स कोरी या म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं होतं.

फक्त पहिलं पत्र घेतलं तर मॅदर सावध आणि न्यायी दिसतो. फक्त दुसरं घेतलं तर निर्दय दिसतो. १८६०च्या दशकात चार्ल्स अपहम आणि विल्यम पूल यांच्यात यावरून मोठा वाद झाला. एकानं मॅदरवर ठपका ठेवला, दुसऱ्यानं त्याची बाजू घेतली. तीनही पत्रं अस्सल आहेत, आणि तीनही एकाच माणसाची आहेत. चर्चच्या सभासदाला दिलेला सल्ला, घरच्या माणसाजवळ मोकळं केलेलं मन आणि सत्ताधाऱ्याची मर्जी राखणारं पत्र, यांचा मायना पाहिला तरी सूर का बदलतो ते कळतं. मला यातलं मामाला लिहिलेलं पत्र सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे त्याला काही मिळवायचं नव्हतं. त्याचं मन त्या आठवड्यात कुठे होतं ते तिथे दिसतं, आणि ते वाचताना त्रास होतो. पण ३१ मेचा इशाराही त्यानंच लिहिला होता, आणि तो फाशीच्या आधीचा आहे. म्हणजे धोका त्याला आधीच कळलेला होता. मॅदरच्या बाजूनं बोलणाऱ्यांना हे पत्र आवडतं, पण माझ्या मते त्याची जबाबदारी त्यानं उलट वाढते.

खोट्या पत्राबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १५ सप्टेंबर १६८२ या तारखेचं, कॉटन मॅदरनं सेलमचे धर्मोपदेशक जॉन हिगिन्सन यांना लिहिलेलं म्हणून एक पत्र अजून फिरतं. ‘वेलकम’ जहाजावरून क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा पुढारी विल्यम पेन आणि शंभर क्वेकर येत आहेत, त्यांना केप कॉडजवळ गुपचूप पकडून बार्बाडोसला विकू, बदल्यात रम आणि साखर मिळेल, असा त्यातला मजकूर. हे १८७० साली पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनच्या एका वृत्तपत्रात प्रसिद्ध झालं आणि ते पूर्ण बनावट आहे. जेम्स शंक या लेखकानं ते रचलं होतं.

पकडायचं कसं? आधी वय मोजायचं. सप्टेंबर १६८२ मध्ये कॉटन मॅदर १९ वर्षांचा होता आणि त्याला धर्मोपदेशकपदाची दीक्षा मिळाली ती १६८५ साली. वसाहतीचा गुप्त हुकूम कळवण्याची त्याची जागा नव्हती. मग शब्द पाहायचे. पेनला पत्रात ‘स्कँप’ म्हटलंय. बदमाश या अर्थानं हा शब्द शंभराहून अधिक वर्षांनी रुळला. मग मूळ कागद विचारायचा. मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या जडकिन्स नावाच्या ग्रंथपालाला तो पेटीत सापडला, असं बातमीत होतं. सोसायटीत असा कुणी ग्रंथपालच नव्हता आणि मूळ पत्र कधीच कुणी पाहिलं नाही. क्वेकरांविषयी प्युरिटनांना राग होता हे खरं, आणि म्हणूनच हे पत्र लोकांना पटलं. एखादं पत्र आपल्या आधीच्या मताला फारच चपखल बसत असेल, तर ते दुप्पट तपासावं. बनावट पत्रांची भीती त्या काळातही होती. १६८३ सालचं, ॲमस्टरडॅमला लिहिलेलं, राजद्रोही मजकुराचं एक पत्र इन्क्रीझ मॅदरच्या नावावर खपवलं गेलं. त्यानं ते आपलं नसल्याचं सांगून एडवर्ड रँडॉल्फ या सरकारी अधिकाऱ्याकडे बोट दाखवलं, तर रँडॉल्फनं त्याच्यावरच बदनामीचा दावा लावला. मॅदर त्यातून सुटला.

आता पुन्हा ओनेसिमसच्या पत्राकडे येऊ आणि हे सगळं त्याला लावून पाहू.

लिहिण्याचं निमित्त काय होतं? रॉयल सोसायटीच्या नियतकालिकाच्या ३३९ व्या अंकात कॉन्स्टँटिनोपलच्या इमॅन्युएल टिमोनी या वैद्याचा देवी टोचण्यावरचा, म्हणजे देवीच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीत घालण्यावरचा, लेख आला होता. त्याच अंकात टिमोनीच्या लगेच आधी खुद्द मॅदरच्या १७१२ सालच्या पत्रांतले उतारे छापलेले होते. त्यानं तो अंक मन लावून वाचला नसता तरच नवल. म्हणजे ‘मला हे आधीच ठाऊक होतं’ असं जे मॅदर या पत्रात सांगतो, ते टिमोनी वाचल्यानंतर लिहिलेलं आहे, आणि ते ज्यांना लिहिलं त्या मंडळींत मॅदरला आपली जागा पक्की करायची होती. सोसायटीचा सभासद म्हणून त्याची निवड १७१३ साली झाली होती, पण त्याचं नाव छापील यादीत नव्हतं आणि त्यावरून बॉस्टनमध्ये त्याला बोलणी बसत. आधी ऐकल्याचा दावा यामुळे खोटा ठरत नाही, पण तो दावा आहे हे नोंदवावं लागतं.

दाव्याच्या बाजूनंही बरंच आहे. ‘हो आणि नाही’ हे उत्तर आणि दंडावरचा व्रण टिमोनीच्या लेखातून उचलता येणारे तपशील नाहीत. पुढे १७२१–२२ मध्ये इतर आफ्रिकी माणसांकडूनही असंच ऐकल्याचं मॅदरनं लिहिलंय. आणि सर्वांत भक्कम गोष्ट म्हणजे तारीख. या पत्रात तो म्हणतो, की पुन्हा देवीची साथ आली तर मी इथल्या वैद्यांना एकत्र करून हा उपाय त्यांच्यापुढे ठेवीन. साथ आली ती १७२१ साली, जहाजातून. जूनमध्ये त्यानं खरंच वैद्यांना पत्र पाठवलं. झॅब्डिएल बॉयल्स्टन या एकट्यानं ऐकलं आणि २६ जूनला आपल्या सहा वर्षांच्या मुलाला आणि घरच्या दोन गुलामांना देवी टोचल्या. बॉस्टनमध्ये त्या साथीत ५,८८९ जणांना देवी आल्या आणि ८४४ मेले, म्हणजे शेकडा १४. बॉयल्स्टननं टोचलेल्या सुमारे २४० जणांपैकी ६ मेले, शेकडा अडीच. यशानंतर लिहिलेल्या आत्मचरित्रात ‘मी आधीच ठरवलं होतं’ असं कुणीही म्हणू शकतो. इथे पाच वर्षं आधीचा, तारीख घातलेला कागद आहे. पत्राची ताकद ती ही. या साथीच्या आठ वर्षं आधीचा दुसराही संदर्भ जवळ ठेवावा: १७१३च्या गोवराच्या साथीत मॅदरची बायको आणि तीन लहान मुलं पंधरवड्याच्या आत गेली होती. साथीचा विषय त्याच्यासाठी पुस्तकी नव्हता.

मग एक शब्द उरतो. ही रीत ‘गुरामांतीज’ लोकांत आहे, असं मॅदरनं लिहिलंय. हे कोण? गोल्ड कोस्टवरून, म्हणजे आजच्या घानाकडून, आणलेल्या अकान लोकांना युरोपीय ‘कोरोमांती’ म्हणत. तो शब्द असा ऐकू आला असावा, असं काही अभ्यासक मानतात. दुसरी शक्यता अशी, की लॅटिन ग्रंथांत मुरलेल्या मॅदरनं अनोळखी नाव ऐकून ते प्राचीन लिबियातल्या ‘गारामांतेस’ या नावाशी जुळवलं. पहिलं धरलं तर ओनेसिमसचा मुलूख ठरतो. दुसरं धरलं तर मॅदरचं वाचन तेवढं कळतं. म्हणून त्याच्या जन्मगावाबद्दल ठाम विधान या पत्रावर उभं करता येत नाही.

त्याचं नावही त्याचं नाही. १७०६ साली चर्चच्या लोकांनी पैसे जमवून हा माणूस विकत घेतला आणि मॅदरला भेट दिला. पौलानं फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात जो गुलाम आहे त्याचं नाव मॅदरनं याला ठेवलं. मराठी बायबलात तो अनेसिम म्हणून येतो, आणि ग्रीकमध्ये त्या नावाचा अर्थ उपयोगी असा होतो. आईबापांनी ठेवलेलं नाव मॅदरच्या कागदांत नाही. १७१६ सालीच ओनेसिमसनं दुसऱ्या नोकरासाठी पैसे भरून आपली बरीचशी सुटका करून घेतली. त्याच्या हातची एकही ओळ आज आपल्याजवळ नाही.

‘ओनेसिमसनं अमेरिकेला देवीची लस दिली’ हे वाक्य आज सर्रास वाचायला मिळतं. ती लस नव्हती. गाईच्या देवींवरून लस निघाली ती १७९६ साली. पत्राला धरून लिहायचं तर असं लिहावं: कॉटन मॅदरच्या जुलै १७१६च्या पत्रानुसार, त्याच्या घरी गुलाम असलेल्या ओनेसिमसनं आपल्याला लहानपणीच देवी टोचल्याचं सांगून दंडावरचा व्रण दाखवला, मॅदरच्या म्हणण्याप्रमाणे हे टिमोनीचा लेख वाचण्याच्या बरेच महिने आधी घडलं. यातला ‘लहानपणीच’ हा शब्दही काढावा लागेल. तो पत्रात नाही.